खरं तेच लिहिणारा मास्तर

बायकोनं अन् मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे तांदूळ निवडणं. गडचिरोलीच्या जंगलात मी डाकबंगल्याचा चौकीदार होतो. फ्रेंचांच्या ताब्यातली पाँडेचरी नुकतीच आपल्याकडे आली होती. तिकडे नोकरीला जाणाऱ्यांना इंग्रजीवरून फ्रेंच शिकवायचं पुस्तक लिहायला एक मास्तर बंगल्यावर उतरला होता. त्याला एक खोड होती. खरं नसलेलं वाक्य तो लिहीतच नसे. ‘मी जेवलो आहे’ लिहायचं तर आधी जेवून यायचा.

एका दुपारी आम्ही दोघं तांदूळ निवडत बसलो होतो, तेव्हा बायको त्याला म्हणाली, “जेवासाठीच पुस्तक लिहून राह्यले का मास्तर तुमी?”

तो हसला. “बाई, तुम्ही दोघं किती वर्षांपासून सोबत राहता?”

“तीस वर्सं झाली. यायले पुसू नका, भोगून मी राह्यली!”

त्यानं लगेच ‘आम्ही तीस वर्षांपासून सोबत राहतो’ असं कागदावर घेतलं. म्हणाला, “हेच इंग्रज माणूस ‘राहिलो आहोत’ असं सांगतो. फ्रेंच माणूस सरळ ‘राहतो’ म्हणतो. म्हणजे अजून चालू आहे.”

“मंग फ्रेंचच बरा,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिला पटकी झाली अन् दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला जाळून नदीवरून परतलो, तर मास्तर कागद घेऊन दारात उभा.

“भाऊ, आता हे वाक्य खरं नाही. खोडू का?”

“हात तं लावून पाहा!” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला समोर बसवलं अन् ते वाक्य फ्रेंचमध्ये माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. मी रडत होतो अन् तो माझे उच्चार सुधारत होता.