फ्लेक्सवरचा ‘भाग पहिला’

हे लिहायचं शुक्रवारपासून टाळतोय. पिक्चर चालला की पडला हेच कळत नव्हतं, मग लिहिणार काय... आज रविवार. संध्याकाळच्या शोला थोडा वेळ आहे आणि मी चिखलीत, मामाच्या टॉकीजच्या तिकीट खिडकीत बसून मोबाईलवर टाईप करतोय.

टॉकीज जुनी, एकच पडदा. एक सोयाबीनचा व्यापारी केव्हाचा मागे लागलाय, हॉल गोडाऊनला द्या म्हणून. मामाने त्याला सोमवारचा शब्द दिला होता. म्हणजे हा पिक्चर चालला तर पडदा, नाही तर पोती.

या शुक्रवारी लावायला दोन पिक्चर होते. एक तो मोठा, त्याचा तिसरा भाग आलाय, पोरांनी स्टेटसला हिरोच ठेवलाय. पण डिस्ट्रिब्युटरची अट अशी की दोन आठवडे सगळे शो त्याचेच, मधे दुसरं काही लावायचं नाही.

दुसरा नवाकोरा मराठी. बोअरवेलच्या गाडीवर राबणाऱ्या दोन भावांची गोष्ट, नट एकही ओळखीचा नाही. शहरात आधीच लागला होता. मी संभाजीनगरला मित्राच्या लग्नाला गेलो होतो, लग्न राहिलं बाजूला, मी थिएटरात... (मित्र अजून बोलत नाही, तो विषय वेगळा.) बाहेर आलो तर जेवण जाईना.

मामाला म्हटलं, हाच लावा.

मामा म्हणाला, “तू एका गावात टिकत नाही बे, अन् मले पिक्चर टिकन म्हणून सांगून राह्यला.” पण लावला. तिसरा भाग गेला खामगावला.

मग मामाच्या डोक्यात आलं, लोकांना आता भागांची सवय झालीय. पिक्चरवाल्यांनी कुठल्याशा मुलाखतीत म्हटलं होतं, चालला तर पुढचे भागही काढू. झालं... मामाने फ्लेक्सवर पिक्चरच्या नावाखाली ‘भाग पहिला’ छापून घेतलं. मलाही वाटलं, काय डोकं आहे. गल्लीतल्या गज्याच्या ऑटोवर भोंगा बांधला आणि मी बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत ओरडत फिरलो, भाग पहिला, भाग पहिला.

शुक्रवारी खामगावहून व्हिडिओ आले. गेटबाहेर लाईन, शिट्ट्या, एक जण नाचताना चप्पल हरवून बसलेला. आमच्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

शनिवारी सकाळी चहाच्या टपरीवर एका काकांना विचारलंच, पिक्चरला का नाही आलात?

“दुसरा येऊ दे ना,” काका म्हणाले. “मंग दोन्ही संगंच पाहू. अर्धं जेवण वाढल्यावर कोन बसते पंगतीले?”

शेजारचा म्हणाला, “शेवटी लटकवून ठेवतात लेकाचे. मांगं एकदा फसलो मी.”

गज्या लगेच, “मी तं आधीच म्हनलं होतं.” हा काहीही म्हणाला नव्हता.

टॉकीजवर आलो तर मामा शेवटच्या रांगेत एकटाच बसलेला. पडदा कोरा. मला म्हणाला, “खुर्च्या कोन घेईन रे?” आवाज एकदम साधा, भाव विचारावा तसा. मी भटका माणूस, उद्या उठून कुठेही जाईन... हा कुठे जाणार?

त्याला टपरीवरचं सांगितलं. तो उठला, शिडी घेतली आणि ‘भाग पहिला’वर स्वतःच्या हाताने कागद चिकटवला. मी पुन्हा ऑटोत. आता ओरडायचं वेगळं, “गोष्ट पूर्ण संपते हो... आजच पाहा, आजच संपते.” गज्याने मधेच माईक ओढून जोडलं, “नाही संपली तं मले पकडा.”

शनिवारी संध्याकाळी थोडे लोक आले. पण सुटल्यावर ते घरी जाईनात... गेटपाशी उभे राहून बोलत होते, धाकट्या भावाने तसं करायला नको होतं, का हवं होतं. दोन बाया तर एकमेकींवर चिडल्या. मामा केबिनच्या दारातून नुसता ऐकत होता.

आज दुपारी अर्धा हॉल भरला. खामगावचा एक मित्र म्हणतो तिकडे आज रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या, खरंखोटं देव जाणे. मला आपलं एवढंच वाटतं, तिसऱ्या भागाला माणूस ओळखीच्याला भेटायला जातो. नव्याकडे जायचं तर शेजाऱ्याने सांगावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो... तेवढा वेळ कोणाकडे असतो?

मामाने व्यापाऱ्याला फोन करून पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली. तेव्हापासून त्याचा पाय एका जागी नाही. उद्या सोमवार, हॉल पुन्हा रिकामाही राहू शकतो. मीही तीन वेळा खिडकीतून वाकून रस्ता बघितला. काल गेटवर उभं राहून भांडलेल्या त्या दोघींचे मात्र मनापासून आभार.

हे लिहितोय तर समोर गाडी थांबली... खामगावचे टॉकीजवाले शेठ. तिसरा भाग लावलाय तेच. सोबत बायको आणि म्हातारी आई.

टॉकीजवाले एकमेकांकडे तिकीट काढत नाहीत. केबिनमध्ये चहा होतो, मग आत नेऊन बसवतात, ही जुनी रीत. मामा धावतच गेला, “या शेठ, केबिनमदी या.”

शेठ हलले नाहीत. खिडकीत हात घालून म्हणाले, “आधी तीन तिकिटं द्या. आई म्हने, तो दोन भावायचाच पाहाचा.”

मी गठ्ठा उचलला. मामा आत आला, माझ्या हातातून तो घेतला आणि तिन्ही तिकिटं स्वतः फाडली.