बेबाबाईंनी भावाची तक्रार केली

आमच्या गल्लीत बेबाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. अमळनेरच्या आमच्या वळणावर भाजीची गाडी आली की तिच्या भोंग्याआधी बेबाबाईंची हाक ऐकू येते. उभा जन्म शाळेत शिकवून माझाही घसा काही नाजूक राहिलेला नाही, पण त्यांच्यापुढे मी मांजर. शेजारीण म्हणून मला त्या इतक्या आवडतात की त्यांच्यावर मनसोक्त चिडताही येतं.

त्यांच्या बोलण्यात भाऊ आला नाही असं कधी होत नाही. "मना भाऊ डाक्टर शे!" सख्खा भाऊ नाही त्यांना. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावी शेजारच्या घरातल्या योगराजला त्यांनी लहानपणी राखी बांधली, आणि तो पुढे शिकून चोपड्यात दवाखाना काढून बसला. आईवडील गेले, घर विकलं गेलं, तेव्हापासून योगराज डॉक्टरांचं घर हेच बेबाबाईंचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, डॉक्टर स्वतः गाडी घेऊन मुऱ्हाळी म्हणून यायचे. दवाखान्याला कुलूप घालून बहिणीला न्यायला येणारा दुसरा डॉक्टर मी तरी पाहिला नाही. माहेरी झोके घेऊन, मांडे आणि आमरस खाऊन बेबाबाई परतल्या की पुढे कितीतरी दिवस आम्हाला तेच ऐकावं लागे.

डॉक्टर बहिणीच्या नवऱ्यालाही, म्हणजे अभिमनभाऊंना, जावयाचा पुरता मान द्यायचे. आमच्याकडे जावयाला पाव्हणा म्हणतात, आणि पाव्हणा रुसून गेला तर घराची अब्रू गेली असं समजतात. इथंच माशी शिंकली.

अभिमनभाऊंनी आयुष्यभर केळीचे घड ट्रकवर चढवले. त्यात पाठ गेली. डॉक्टरांनी त्यांना ट्रामाडोलच्या गोळ्या लिहून दिल्या, थोड्या दिवसांसाठी. ही गोळी सवय लावते, ती जपून द्यायची आणि वेळेवर बंद करायची, हे डॉक्टरांना का ठाऊक नव्हतं? पण अभिमनभाऊ एसटीने चोपड्याला जायचे, दवाखान्यात रांगेला न बसता थेट घरी जेवायला बसायचे, आणि हात धुताना सहज म्हणायचे, "डाक्टर, त्या गोया लिखी द्या." डॉक्टर लिहून द्यायचे. पाठ बघणं नाही, विचारपूस नाही. इतका हुशार माणूस, पण पाव्हणा समोर आला की डोकं गहाण!

गोळ्या वाढत गेल्या. संपल्या की अभिमनभाऊंना दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे, शांत माणूस भांडी आपटायचा. एकदा एरंडोलच्या रस्त्यावर चालत्या मोटारसायकलवर त्यांना डुलकी लागली आणि गाडी कापसाच्या शेतात गेली. त्यांना खरचटलंही नाही. मागे बसलेल्या मोनालीचा, त्यांच्या मुलीचा, हात मोडला.

बेबाबाई तडक चोपड्याला गेल्या. "भाऊ, गोया बंद कर." डॉक्टरांनी बंद केल्या. मग अभिमनभाऊ तिथे जाऊन ताटावरून उठले आणि ओट्यावर तोंड फिरवून बसले. डॉक्टरांची बायको नूतन रडकुंडीला आली. डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलं. असं पुन्हा पुन्हा झालं. बेबाबाई भांडल्या तर डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले, "अक्का, पाव्हणा मना घरथून उपाशी गया ते गाव काय म्हनी?" हे ऐकून मला चोपड्याला जाऊन भावाच्या आणि पाव्हण्याच्या, दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

मोनाली धुळ्याला नर्स आहे. तिने आईला सांगितलं, डॉक्टरांवर कारवाई करणारी परिषद मुंबईत असते, तिथे तक्रार करता येते. बेबाबाई माझ्याकडे आल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तरीनबाई, लिखा."

मी म्हटलं, "बेबाबाई, तुमचं माहेर तुटेल."

"माहेर तुटी ते तुटी. मानूस ते वाची."

मी लिहायला बसले. मी 'बेजबाबदार' लिहिलं, तर त्यांनी खोडायला लावलं. 'निष्काळजी' लिहिलं, तेही त्यांना पटेना. "जे व्हयनं तेच लिखा. त्याले शिव्या देऊ नका, मना भाऊ शे." भावाची तक्रार करायची आणि त्याला बोलही लावायचा नाही! माझी चिडचिड झाली, पण त्या दिवशी ही बाई मला फार मोठी वाटली.

मग व्हायचं ते झालं. योगराज डॉक्टरांवर चोपड्याचा जीव. ज्याने मान दिला त्याच्यावरच ही उलटली, असं लोक बोलू लागले. डॉक्टरांचा फोन बंद झाला. बेबाबाईंनी राखी पोस्टाने पाठवली, पोचल्याचा निरोपही आला नाही. माहेर जिवंत असून पोरकी झालेली ती बाई दारात भाजी निवडत बसायची आणि भाजीवाला हाक न ऐकताच पुढे निघून जायचा.

सुनावणीला मी त्यांच्यासोबत मुंबईला गेले. डॉक्टर समोर बसले होते, गालफडं बसलेली. मंडळातल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही पेशंट तपासत होतात की जावई जेवू घालत होतात?"

योगराज डॉक्टरांनी बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जावई जेवू घालत होतो, मॅडम. चूक माझी आहे."

बेबाबाईंना विचारलं, आणखी काही सांगायचंय का. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तो वायी गया शे. त्यानी जेवन कये का, तेवढं इचारा." मला हसावं की रडावं कळेना. वाळला आहे, जेवला का विचारा, असं त्या म्हणत होत्या, हे मी मंडळाला समजावून सांगितलं. कोणीच हसलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भावासाठी आणलेली. डॉक्टर जवळून गेले, थांबले नाहीत. परतीच्या गाडीत तो डबा आम्ही दोघींनी उघडला, आणि एरवी मिटक्या मारत खाणारी मी, पण अर्धी भाकरी तशीच डब्यात परत ठेवली.

निकाल आला. डॉक्टरांची नोंदणी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली, दवाखाना बंद राहिला. इकडे मोनालीने वडिलांना धुळ्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून अभिमनभाऊ अंगाने उतरलेले, पण भानावर येऊन परतले. पाठ दुखते, पण आता व्यायाम करतात, कुरकुर करत का होईना.

आखाजी जवळ आली. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी निघाल्या. बेबाबाईंनी पिशवी काढलीही नाही. मी मनातल्या मनात डॉक्टरांना लाखोली वाहत होते. डॉक्टरांची मुदत संपून दवाखाना उघडल्याचं कळलं होतं. त्यांना शिक्षा झाली हे योग्यच झालं, पण बहिणीने काय पाप केलं होतं?

आखाजीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची गाडी वळणावर आली. डॉक्टर उतरले, उंबऱ्यात उभे राहिले, म्हणाले, "अक्का, चाल."

बेबाबाईंनी जो हंबरडा फोडला, तो थेट बाजारापर्यंत गेला असेल. डॉक्टरही रडले, मी तर आधीपासूनच रडत होते. तेवढ्यात खाटेवरून अभिमनभाऊ उठले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "डाक्टर, आते तुमनं लिखनं सुरू व्हयनं ना? दोन गोया लिखी द्या. गाडीमा पाठ दुखस."

बेबाबाई डोळे पुसायच्या थांबल्या.

"नही, पाव्हणा," डॉक्टर म्हणाले.

"मंग मी येवाव नही आखाजीले."

"रुसा," डॉक्टर म्हणाले. "मी मनी बहिनले लेवाले ऊनू."

बहिणीला न्यायला आलेल्या त्या भावाने, तिने घाईघाईने भरलेली पिशवी उचलली आणि गाडीत ठेवली. बेबाबाई पुढे बसल्या. गाडी सुरू झाली, तरी अभिमनभाऊ खाटेवर तोंड फिरवून बसलेलेच. मग सावकाश उठले, चपला पायात सरकवल्या, दाराला कडी घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. डॉक्टरांनी वळून पाहिलं नाही. बेबाबाईंनी पाहिलं, आणि आपल्या सीटवरची उशी मागे करून त्यांच्या पाठीशी दिली.