दीड पंपाचं तीर्थ

गणपतीच्या सोंडेत हाड नसतं, तरी ती मोदक उचलते आणि मोदक फुटत नाही. परवा देवघरात बसल्या बसल्या रुचिका हेच सांगत होती. ही माझी लेक, नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. तिच्या पुस्तकात लोखंडाऐवजी रबराच्या यंत्रांवर एक धडा आहे म्हणे. पुढेमागे अशी मऊ यंत्रं अंगावर कापडासारखी बसतील, थकल्या हातापायांना आपणहून सांभाळतील. तिनं चित्र दाखवलं. जाळीच्या वेष्टणात रबरी नळी, हवा भरली की स्नायूसारखी आखडणारी.

"अगं, हे तर आपल्या ओमप्रकाशभाऊंचं!" मी म्हटलं. ती हसायला लागली. मग मी माळ्यावरून माझी नव्व्याण्णव सालची रोजनिशीची वही काढली.

ओमप्रकाशभाऊ आमचे शेजारी. कारंज्याला हायवेवर त्यांचं सायकलचं दुकान. ट्यूब पाण्यात न बुडवता, नुसती कानाशी धरून भोक कुठं आहे ते सांगत. त्यांची बायको भागीरथा दर पोळ्याला माहेरच्या बैलांच्या गळ्यासाठी रंगीत सुती, आतून पोकळ गोफ विणायची. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिला लकवा झाला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात मात्र ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. पंजा मिटेना. पुढच्या पोळ्यासाठी विणायला घेतलेला गोफ अर्धाच खुंटीवर लटकत राहिला.

तिला दुःख एकाच गोष्टीचं होतं. महादेवाच्या देवळात तीर्थ घ्यायला उजव्या हाताचा द्रोण होईना. गुरव म्हणाले, "डाव्या हातात घे बाई, देवाले समजते."

"देवाले समजते, मले नाई समजत," म्हणून ती तशीच परत आली. तेव्हापासून तिच्या ओठांना तीर्थ नव्हतं.

श्रावण लागला तेव्हा भाऊ बोलून गेले, "पोळ्याले तू उजव्या हातानंच तीर्थ घेशीन." बोलले, आणि मग दुपारी दुकान बंद करून ओसरीवर ट्यूबी घेऊन बसायला लागले. मी तिथंच वाती वळत बसे. लोकरीच्या हातमोज्याचा तळवा कापून काढून त्याच्या बोटांना त्यांनी दोऱ्या बांधल्या, त्या मनगटावरून नेऊन लहान सायकलच्या बारीक ट्यूबला जोडल्या आणि ट्यूब कोपरापर्यंत पट्ट्यानं बसवली. हवा भरली की ट्यूब आखडावी, दोऱ्या ओढाव्यात, बोटं वळावीत, असं त्यांच्या मनात.

चूक झाली ती त्यांच्या धंद्याच्या सवयीनं. ट्यूब फाटू नये म्हणून त्यांनी तिला नायलॉनची दोरी गच्च गुंडाळली. हवा भरली, ट्यूब दगडासारखी झाली, बोटं जागची हलली नाहीत. दोरी सोडली तर ट्यूबचा भोपळा. आठ दिवस हेच.

शेवटी भागीरथा म्हणाली, "अवो, वीस वर्सं हवा भरून राह्यले, अन् हवेले काय पायजे ते नाई समजलं? तो खुंटीवरचा गोफ घ्या. दोन्ही टोकांकडून दाबा. जाड झाला का आखूड होते. मंग आतून करा ना त्याले जाड!"

भाऊ कितीतरी वेळ तो गोफ नुसता दाबत राहिले, सोडत राहिले. लाल-पिवळे धागे एकमेकांवरून सरकत होते, जणू गोफ श्वास घेत होता. मग त्यांनी ट्यूब हळूच आत सारली, टोकं बांधली आणि मोजा तिच्या हातात चढवला.

तीन पंप मारले आणि पंजा मिटला तो करकचून.

"हा तं बुक्का झाला," भागीरथा म्हणाली. "देवाले मारू का?"

दोन पंपालाही मूठच. एका पंपाला बोटं नुसती कलली. दीड पंपाला तळहात द्रोणासारखा झाला, त्यात ऊन साचलं. आम्ही तिघं त्या उन्हाकडे पाहत बसलो.

"वैनी," भाऊ मला म्हणाले, "एक दिवस असं रबर निंघन, त्याले पंप मारा लागनार नाई. तीर्थ घ्याचं का भाकर थापाची, त्याले सोताच समजन."

"मंग तुमी काय करसान?" भागीरथा.

"मी त्याचं पंक्चर काढीन!"

वाती वळता वळता माझा डोळा लागला. स्वप्नात गावातले सगळे थकलेले हात रंगीत गोफ लेऊन कमळांसारखे उमलत होते, मिटत होते, आणि कुठं लोखंडाची खडखड नव्हती.

पोळ्याला बैल देवळावरून गेले. भागीरथाच्या माहेरच्या बैलांच्या गळ्यात यंदा बाजारचा गोफ होता. घरचा तिच्या हातावर होता. गाभाऱ्यापुढं भाऊ गुडघ्यावर बसले, एक पंप मारला, मग अर्धा. पंजा वळला. गुरवांनी पळी उचलली, आणि भाऊंची मान एकदम वळली. आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं, त्यांना आलं. वॉल्वमधून हवा सुटत होती. बोटं ढिली पडायला लागली. त्यांनी घाईनं आणखी जराशी हवा भरली आणि वॉल्ववर अंगठा दाबून धरला.

तीर्थ पडलं. तळहातात थरथरलं, पण राहिलं. भागीरथानं डाव्या हातानं उजवं कोपर उचललं, ओठ टेकवले, आणि ओला पंजा डोळ्यांवरून केसांवर नेला. भाऊ अंगठा न सोडता तिच्यासोबत वाकत, उठत होते.

गुरवांनी पळी भाऊंसमोर धरली. त्यांचा उजवा अंगठा अडकलेला. भाऊ गोंधळले.

भागीरथानं आपला हात पुढं केला. "त्याहिचं माह्या हातात द्या," ती म्हणाली.

दुसरी पळी तिच्या तळहातात पडली. भाऊंनी अंगठा तसाच ठेवून मान लववली आणि तिथूनच तीर्थ घेतलं.