शेवटचं नाव ‘आमचे’

दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. हजर: मी, आमचे हे, राधानगरीच्या अक्काताई, त्यांची सून आणि डॉक्टर.

ह्यांच्या आणि अक्काताईंच्या, दोघांच्याही मेंदूत गाठ. ह्यांचं ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली, तरी उरलेली गाठ जागची हलत नव्हती आणि उजव्या हाताला शर्टाचं बटण लागत नव्हतं. अक्काताईंनी मात्र ऑपरेशनची तारीख दोनदा चुकवली होती, कारण म्हैस व्यायला आली होती. रांगेत शेजारी बसून ओळख झालेली, म्हणून त्या दिवशी आत एकदमच गेलो.

डॉक्टरांनी अक्काताईंची नवी फिल्म जुनीच्या शेजारी लावली. गाठ निम्म्याहून कमी झाली होती, काही उपचार नसताना. “क्वचित असं होतं. का होतं, मला सांगता येणार नाही. तपासणीला मात्र येत राहा,” ते म्हणाले.

“म्हंजी आता कापायचं न्हाय न्हवं?” अक्काताईंनी विचारलं आणि माझ्याकडे वळल्या. “बघा की वैनी, म्हशीनंच वाचिवलं.”

मी हसले. पण पोटात दुखलं ते दुखलंच.

घरी येऊन वही काढली. मला यादीशिवाय जमत नाही. सोळा शुक्रवार, रोजच्या प्रदक्षिणा, नवरात्रातला नऊ दिवसांचा अभिषेक, सगळ्यापुढे बरोबरची खूण होती. माझं काय राहिलं, एवढंच देवीला विचारायचं होतं. पानं चाळताना अभिषेकासाठी लिहिलेलं पान हाती आलं: ह्यांचं पूर्ण नाव, गोत्र, आजार. ते वहीतच होतं. मग घाईत पुजाऱ्यांना फाडून दिलं ते कुठलं? हॉस्पिटलात नंबरावरून भांडणं नकोत म्हणून दर मंगळवारी रांगेची यादी मीच ह्याच वहीत लिहायचे. त्यातलं एक पान नव्हतं.

तशीच पेठेतल्या देवळात गेले. “वाचलं की वहिनी, नऊच्या नऊ दिवस,” पुजारी म्हणाले. “पहिलं नाव अक्काताई, राधानगरी. सात नावं. शेवटी ‘आमचे’. म्हटलं, घर मोठं दिसतंय.”

नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून रांगेच्या यादीतही मी ‘आमचे’ एवढंच लिहायचे.

उपास माझे आणि पदर भरला तिचा. आठवडाभर मी अक्काताईंचा फोन उचलला नाही. देवीपुढे दिवा लावला, पण बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी त्या बाकावर आधीच बसलेल्या. “माझी तारीख न्हाय. तुमी फोन उचलंना, म्हटलं पावण्यांचं काय बरंवाईट झालं का काय.” पहाटेच्या एसटीनं खव्याचा डबा घेऊन आल्या होत्या. ह्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण त्यांनीच लावलं, लेकराचं लावावं तसं.

तेव्हा मला माझाच शब्द नीट ऐकू आला. नऊ दिवस देवीपुढे ‘आमचे’ वाचलं गेलं होतं. तिच्या लेखी त्यात सातही जण येत असणार, मत्सर करणारी मीसुद्धा. कुणाचं दुखणं कधी उतरवायचं, ही यादी माझ्या हातची नाही. ह्यांची गाठ आहे तेवढीच आहे. वाढली नाही, हेही तिचंच देणं. आता रोज हात जोडते ते मागण्याविना.

वहीत एक ओळ उरली आहे: अक्काताईंना त्या पानाचं सांगणे, आणि फोन का उचलला नाही तेही. त्यानंतर चार मंगळवार गेले. त्या ओळीपुढे अजून खूण नाही.