बत्तीस सह्या

वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी मी एकदा एका कागदाने रिकामी केली. गुन्हा कबूल आहे, पण आधी हेतू ऐका.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. रोज चालला नाहीत तर पुन्हा इथेच याल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाबा पस्तीस वर्षं पोस्टमन, अर्धं ठाणं पायी पालथं घातलेला माणूस. पण आई गेल्यापासून खुर्ची सोडायला तयार नाहीत. मैदानावर फेऱ्या मारा म्हटलं की म्हणायचे, "काम नसताना कोण चालतं?" मी खरंच घाबरलेलो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी (दुसरं कुणी तयार नव्हतं). म्हटलं, माणसाला काम देऊ. आमच्या दोन इमारती, बत्तीस दारं, लिफ्ट नाही. माझे पाय दुखतायत, नोटिशीवर घरोघरच्या सह्या तेवढ्या आणा, असं सांगितलं. बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन! दीड तासाने बत्तीस सह्या घेऊन आले आणि दोन पोळ्या जास्त जेवले.

मग काय, मी रोज नोटीस काढू लागलो. कुंड्या नीट ठेवा. चपला एका रांगेत ठेवा. ग्रुपवर का टाकत नाही, असं बायकोने विचारलं की मी डोळे वटारायचो. महिन्याभरात विषय संपले. एका रविवारी काहीच सुचेना, तेव्हा लिहून टाकलं, 'उद्या दिवसभर पाणी बंद.'

बाबांनी ती इमानदारीत बत्तीस दारी पोचवली. कमी ऐकू येणाऱ्यांना दोनदा वाचून दाखवली. लोकांनी पिंपं भरली, बादल्या भरल्या, कुकरसुद्धा सोडले नाहीत. सोमवारी सकाळी टाकीत ठणठणाट आणि नळाला नुसती फुसफुस! कुणीतरी महापालिकेत फोन केला. आमच्याकडून काही बंद नाही, असं तिथून उत्तर आलं. सगळे आमच्या दारात जमले आणि मला बाबांसमोर खरं सांगावं लागलं.

बाबांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"पस्तीस वर्षांत माझ्या हातून खोटा कागद कुणाच्या दारी गेला नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ते खुर्चीतून उठले नाहीत. टाकी भरली, पण घरात कुणी नीट जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात समोरच्या इमारतीतल्या कांबळे आजी, काठी टेकत तीन मजले उतरून, आमचे दोन चढून आलेल्या. मागे आणखी दोन म्हातारे धापा टाकत उभे.

"पोस्टमन का नाय आले? दिवसातून तेवढंच एक माणूस माझं दार वाजवतं."

बाबांनी शर्ट चढवला. पेन मात्र टेबलावरच राहिलं. आता कागदाशिवायच रोज फेरी निघते, दारं वाजवत, आणि दर मजल्यावर माणसं वाढतात. बाबांनी मला शिक्षा एकच दिली, रोज सोबत यायचं. दुसऱ्या मजल्यावरच मी कठडा धरतो. बाबा वर थांबतात आणि दार उघडणाऱ्याला गंभीरपणे सांगतात, "दोन मिनिटं थांबा हं, पेशंट खालून येतोय."