साडूभाऊंची लेखी संमती

माणसाची खाजगी माहिती जपण्यासाठी युरोपने जो कायदा केला, तो तिकडच्या लोकांनी कितपत पाळला मला ठाऊक नाही. पण अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर, एका टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर तो काना-मात्रा-वेलांटीसकट पाळला जातो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पाळणारी व्यक्ती म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एका कंपनीत ते युरोपियन गिऱ्हाइकांची माहिती सांभाळत. म्हणजे कोणाची कोणती माहिती कोणी, कशासाठी आणि किती दिवस ठेवायची, आणि मुदत संपली की ती कशी पुसायची, हे बघत. मी शारजात, रोल्लाच्या बाजारात भाजणी, मेतकूट आणि मसाले विकतो. माझ्या धंद्यात माहिती पुसून चालत नाही. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाला पथ्य लागलंय, कोणाची सून सातव्या महिन्यात आहे, हे ठाऊक असलं तरच डिंकाचे लाडू वेळेवर खपतात. तेव्हा आमचं दोघांचं सूत जमणं मुळात अवघडच होतं.

ऑफिस सुटलं की माणसं ऑफिस सोडतात. साडूभाऊ ते बरोबर घेऊन येत. सासऱ्यांची पंच्याहत्तरी आम्ही शारजातच केली, तेव्हा औक्षण चालू असताना हे गृहस्थ कागद घेऊन पाहुण्यांमधून फिरत होते. फोटो काढायला आणि तो इतरांना पाठवायला हरकत नसल्याची सही हवी होती, आणि दोन्हींसाठी वेगवेगळी. त्यांची मुलगी शरमेने लाल होऊन म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ बर्थडे." साडूभाऊ म्हणाले, "बर्थडे हीच तर पर्सनल माहिती आहे, बाळा." ज्यांनी सही केली नाही त्यांच्या तोंडावर यांनी फोटोत पिवळे गोल चिकटवले आणि मग तो कुटुंबाला पाठवला. मध्ये सासरे शाल पांघरून बसलेले आणि भोवती सतरा पिवळे गोल. सासऱ्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "माणसं बरीच आली होती म्हणायची. कोण कोण होतं?"

महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीत साडूभाऊंना घेण्याची चूक झाली ती त्यानंतर. मंडळ दरवर्षी सभासदांची डिरेक्टरी छापतं. नाव, गाव, फोन, रक्तगट, झालंच तर मुलं किती आणि कुठल्या शाळेत. साडूभाऊंनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "गाव कशाला हवं? हेतू काय?" सेक्रेटरी म्हणाले, "अहो, असू दे, आपली माणसं आहेत." यावर साडूभाऊंनी जे सांगितलं ते मंडळात अजून सांगितलं जातं: "असू दे, हा हेतू होत नाही." प्रत्येक सभासदाला दोन पानी फॉर्म गेला. तो वाचून भरणारे अकरा निघाले, आणि त्या वर्षीची डिरेक्टरी म्हणजे अकरा नावं आणि माझ्या मेतकुटाची पानभर जाहिरात एवढीच निघाली. तेव्हापासून बायका त्यांना संमतीकाका म्हणू लागल्या. तोंडावर नव्हे अर्थात, कारण त्यासाठीही फॉर्म असेल अशी त्यांना भीती होती.

हेही एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी सोयरिकीतही कायदा आणला. मंडळातल्या एका गृहस्थांना मुलीसाठी साडूभाऊंच्याच टॉवरमधलं एक स्थळ आलं होतं. आपल्याकडे अशा वेळी शेजाऱ्याला फोन करून मुलगा कसा आहे, घरात कोण येतं-जातं हे विचारायचं असतं, आणि शेजाऱ्याने आठवेल तेवढं आणि न आठवेल तेही सांगायचं असतं. साडूभाऊ म्हणाले, "आधी मुलाची लेखी संमती आणा." मुलीचे वडील हुशार. त्यांनी ताबडतोब ओळखलं की मुलात काहीतरी भयंकर खोट आहे आणि भला शेजारी ती पोटात घालतोय. स्थळ मोडलं. मुलगा म्हणजे निव्वळ सोनं होता, हे साडूभाऊंनी मला दोन वर्षांनी सांगितलं, तेही त्याचं लग्न होऊन तो कॅनडाला गेल्यावर, आणि तेही मी चार वेळा विचारल्यावर.

त्यांचा कायदा कोणाच्या उपयोगी पडल्याचं उदाहरण मला एकच माहीत आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांचं वर्कशॉप आहे. मासळी, भाजी नेणाऱ्या फ्रीजरच्या गाड्या ते दुरुस्त करतात. त्या गाड्यांवरची यंत्रं युरोपातली. एखादं बंद पडलं की ते का बंद पडलं हे यंत्र फक्त आपल्या कंपनीलाच सांगे, समोर उभ्या असलेल्या कोल्हापूरकरांना सांगत नसे. मी आपला सहज हा किस्सा साडूभाऊंना सांगितला, तर त्यांचे डोळे चमकले. युरोपने म्हणे नवा नियम केलाय, की यंत्र जो वापरतो त्याचा त्या यंत्राच्या माहितीवर हक्क. त्यांनी सुट्टीचे दोन दिवस खर्चून त्या कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं. मी म्हटलं, "अहो, पण तो कायदा इथे लागू कुठे आहे?" ते शांतपणे म्हणाले, "कायदा लागू नाही, आय नो. पण लाज तर लागू आहे ना?" आश्चर्य म्हणजे कंपनीला ती वाटली असावी, कारण महिन्याभरात माहिती उघडायची चावी आली. कोल्हापूरकरांनी आनंदाने साडूभाऊंचा फोटो काढून वर्कशॉपमध्ये लावायचं ठरवलं. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. कोल्हापूरकर फॉर्मला घाबरले आणि फोटो राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी साडूभाऊ न कळवता दुकानात आले. न कळवता ते कधीच येत नसत. मी चहा मागवला. त्यांनी चहा बाजूला सारला आणि बॅगेतून कागद काढला. "साडूभाऊ, आधी सही करा," ते मला म्हणाले. कागदावर लिहिलं होतं: माहितीचा हेतू, मन हलकं करणे. कोणाला सांगायची, कोणालाही नाही, दोघांच्याही बायकांना नाही. किती काळ ठेवायची, गरज संपेपर्यंत. मी हसत सही केली. मग ते म्हणाले, "जॉब खलास झाला."

ज्या युरोपसाठी या माणसाने घरादाराशी उभा दावा मांडला, त्या युरोपलाच म्हणे हल्ली स्वतःचे नियम जड व्हायला लागले होते. तिकडे ते हलके करायचं घाटत होतं, आणि तेवढ्यावर कंपनीने ठरवलं की उरलेलं काम सॉफ्टवेअर करेल. नोकरी गेली की व्हिसाही काही महिन्यांत जातो. एप्रिलपर्यंत दुसरी मिळाली नाही तर घर आवरून पुण्याला परत, आणि मुलीची बारावीची परीक्षा नेमकी त्याच दरम्यान. मी म्हटलं, "तुमचा सीव्ही द्या, मी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. चार दिवसांत काम होईल." ते ताठ बसले. "नाही. माझी माहिती आहे. मी ऑफिशियली पोर्टलवर अप्लाय केलंय. रिप्लाय येईल, इन्शाल्ला." प्रत हवी म्हणून त्यांनी सीव्ही माझ्या मेलवर पाठवला, दुकानात छापून घेतला आणि मला मेल पुसायला सांगितला. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे पुसणं नव्हे, हे त्यांना माझ्यासारख्या नातेवाइकाविषयी ठाऊक असायला हवं होतं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या रोल्लाला माहीत आहे. तरी मी तीन आठवडे कळ काढली. मला ॲसिडिटी झाली, बायकोने संशयाने दोनदा डॉक्टरकडे नेलं, पण मी बोललो नाही. पोर्टलचं उत्तर येत नव्हतं. इथे आजवर कोणाला नोकरी पोर्टलने लागल्याचं मी ऐकलेलं नाही. "अरे, माझ्या साडूचा सीव्ही बघ जरा" एवढ्या एका वाक्यावर अर्धं आखात कामाला लागलेलं आहे. आणि ज्या माणसाने आम्हाला शिकवलं की विचारल्याशिवाय कोणाचं काही पुढे पाठवायचं नाही, त्याला स्वतःला मात्र विचारणं जमत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. चौथ्या सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि सीव्ही ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपले संमतीकाका. जॉब हवा आहे. अर्जंट."

त्यानंतर त्या कागदाचा जो प्रवास झाला तो कुठल्याच कायद्यात बसणारा नव्हता. कोणी कोणाला विचारलं नाही. सेक्रेटरींनी तो चाळीस जणांना पाठवला. ज्यांच्या मुलीचं स्थळ मोडलं त्यांनी आपल्या मॅनेजरला नेऊन दाखवला. सीव्ही मस्कतला जाऊन संध्याकाळपर्यंत माझ्याचकडे परत आला, "चांगला माणूस दिसतोय, ओळखता का?" या निरोपासकट. माझी मेव्हणीही त्या ग्रुपवर होती, हे मला टाकल्यावर आठवलं. मी घाबरत फोन केला. ती म्हणाली, "भाऊजी, मला माहीत होतं. तीन आठवडे त्यांनी घरात कशालाच परवानगी विचारली नाही. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय." दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकरांचा साडूभाऊंना फोन गेला. "साहेब, यल्ला, चला, उद्याच या. माझ्या तीनशे गाड्यांची माहिती नुसती पडून आहे, ती कोण सांभाळणार?"

साडूभाऊंनी नोकरी धरली आणि मला रीतसर नोटीस पाठवली. त्यांची माहिती मी संमतीविना फोडल्याबद्दल बहात्तर तासांत खुलासा करावा आणि ती कोणाकोणाला मिळाली याची यादी द्यावी. मी उत्तर लिहिलं, "यादी देता येत नाही. त्या लोकांची संमती घ्यायची आहे." त्यावर ते तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी विनोद केला खरा, पण ते तीन महिने मला जड गेले. भाजणीचा नवा घाणा काढला की तिखट जास्त झालंय हे बेधडक सांगणारा माणूस दुसरा नव्हता.

मुलीची परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, ती कॉलेजसाठी पुण्याला गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी साडूभाऊ दुकानात आले. पुन्हा न कळवता. वर्कशॉपमधून आले असावेत, बाहीला ग्रीस लागलं होतं. बसले आणि म्हणाले, "तो कागद द्या. काम झालं. आता तो नष्ट करायला हवा, नियम आहे." मी खालच्या खणातून, वेलचीच्या पुडीखालून कागद काढून दिला. त्यांनी तो उलगडला. हेतू वाचला. मुदत वाचली. बाहेर रोल्लाची वर्दळ चालली होती, पण ते तिकडे बघत नव्हते. "घर फार मोठं वाटायला लागलंय हो," ते म्हणाले. "तिच्या खोलीत जाताना मी अजून दार वाजवतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासारखं विचारलं, "चहा मागवू का?" त्यांनी मान डोलावली. मग कागद होता त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला, हात लांबवून माझा खण उघडला आणि वेलचीच्या पुडीखाली परत ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "गरज संपलेली नाही अजून."

खण उघडताना त्यांनी मला विचारलं नव्हतं, हे माझ्या लक्षात चहा येऊन गेल्यावर आलं.