सागाच्या खांबावरची बाटली

खांडबाऱ्याच्या बाजारात मी ब्रह्मदेशातली लढाई शंभरदा तरी जिंकली असेल. पहिल्या बाजारी बारा शत्रू मारले, होळीपर्यंत त्यांची पलटण झाली आणि आखाजीच्या सणाला तर मी एक रणगाडा शेपटीला धरून गरगर फिरवला. छातीवर शौर्यपदक असलं की रणगाड्याला शेपूट असतं हेही लोक मान्य करतात.

खरं एवढंच. टेकडीवर मशीनगन माझ्या सोबत्याच्या हातात होती. डोंगरातल्या पाड्यावरचा तो, माझ्याबरोबरच भरती झालेला. त्यानं एकट्यानं शत्रूला रोखलं म्हणून आम्ही आठजण खाली पळालो. गन गप्प झाली तेव्हा मी परत वर चढलो, कारण गन मागं राहिली तर कोर्टमार्शल, असं साहेबानं बजावलं होतं. मी गन आणली. त्याचं प्रेत तिथंच सोडलं. साहेबानं तापलेली नळी माझ्या हातात पाहिली, पाठ थोपटली, पदकासाठी माझं नाव धाडलं, आणि मी तोंड उघडलं नाही. जन्मात तेवढं एकदाच.

त्याची माय बाजारात मोहाची फुलं घेऊन बसायची. माझी लढाई ऐकून एकदा म्हणाली, "भाऊ, तवय मन्हा पोऱ्या काय करी ऱ्हायना व्हता?"

"माले पाणी दी ऱ्हायना व्हता, माय." तिखटमीठ न लावता सांगितलेलं माझं ते एकमेव खोटं.

त्यांच्या पाड्यात मेलेल्याचा सागाचा खांब उभारतात, आणि जाताना त्याच्या हातात जे असेल तेच त्यावर कोरतात. खांब कोरणाऱ्या सुतारानं मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "फौजी, नीट सांग. त्याना हातमा काय व्हतं? बंदूक कोरू?"

माय माझ्या तोंडाकडं पाहत होती. बंदूक म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुझ्या हातात काय होतं?

"पाण्याची बाटली," मी म्हणालो.

एक म्हातारा खिदळला, "इतला दूर गया, पाणी भराले?"

"हासू नका," माय कडाडली. "मन्हा पोऱ्यानी फौजीले पाणी पाजं."

सुतारानं बाटली कोरली. हुबेहूब, बुचासकट.

दर आखाजीला माय मला निरोप धाडते, "बिल्ला लाईसन ये, भाऊ." मी पदक लावून जातो. खांबावर पहिली धार माझ्याच हातून, आणि तीही रिवाजाप्रमाणं मोहाच्या दारूची नाही, पाण्याची. वाळवी कधी लागते म्हणून मी दरवर्षी खांबाच्या बुंध्याशी वाकून बघतो. माय समजते, मी पाया पडतोय. आणि साग काही कुजत नाही.